जस्ताची बोटं मोडावीत कशी?

अभिनंदन! तुम्हाला पीएचडीला प्रवेश मिळाला, फेलोशिप मंजूर झाली (जमा व्हायची आहे, पण मंजूर झाली), आणि गाईडने चहाचा कप खाली ठेवता ठेवता विषयही देऊन टाकला : झिंक फिंगर ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला रोखणारं एखादं रसायन शोधून काढा. घाबरू नका. या वाटेने तुमच्याआधी पुष्कळ जण गेलेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नावामागे आज डॉक्टर लागतं. रसायन सापडलं का, हे तोंडी परीक्षेत सहसा कोणी विचारत नाही.

आधी दोन शब्द पार्श्वभूमीचे. पेशीतला कोणता जीन कधी चालू करायचा आणि कधी बंद, हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसाकडे अशी सुमारे १,६०० प्रथिनं आहेत आणि त्यांतल्या ७०० हून अधिकांना जस्ताची बोटं आहेत. एक बोट म्हणजे तीसेक अमिनो आम्लांची छोटीशी घडी, तिच्या पोटात जस्ताचा एक अणू, आणि त्या अणूला धरून बसलेली दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन. असं एक बोट डीएनएची साधारण तीन अक्षरं चाचपतं. तीन बोटं ओळीने लावली की नऊ अक्षरं. १९८५ साली केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत ॲरन क्लुग आणि सहकाऱ्यांनी ही बोटं पहिल्यांदा ओळखली, ती आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या कच्च्या अंड्यांतून काढलेल्या एका प्रथिनात. त्या एकट्या प्रथिनाला नऊ बोटं होती. क्लुग यांना नोबेल तीन वर्षं आधीच, वेगळ्या कामासाठी, मिळालेलं असल्यामुळे ते निवांत होते. तुमचं तसं नाही. लागा कामाला.

१. बोट निवडा

कोणतंही निवडा. सातशेत भांडण व्हायचं कारण नाही. फक्त निवडलेल्या प्रथिनाचा कॅन्सरशी संबंध दाखवता आला पाहिजे, आणि तो दाखवता येत नाही असा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर अजून जन्माला यायचाय.

नवशिक्यांना मी एसपी-१ सुचवतो. १९८३ मध्ये बर्कलेला रॉबर्ट टिजान यांच्या प्रयोगशाळेत हे प्रथिन सापडलं. त्याला तीन बोटं आहेत आणि ती डीएनएवरच्या जी-सी अक्षरांच्या ज्या पट्ट्यांवर बसतात, त्या पट्ट्या असंख्य जीन्सच्या तोंडाशी असतात. त्यामुळे एसपी-१ ला डिवचलं की पेशीत काही ना काही घडतंच. काही ना काही घडणं ही आपली पहिली गरज. ते एसपी-१ मुळेच घडलं का, हे पाहण्याची चैन पुढे कधी परवडली तर बघू.

२. खाच नाही, तिकडे लक्ष देऊ नका

औषधाचा रेणू बसायला प्रथिनात खाच लागते. एन्झाइमांना ती असते, म्हणून औषध कंपन्यांचं एन्झाइमांवर प्रेम. झिंक फिंगरला खाच नाही. डीएनएला चिकटणारा एक धनभारित, उघडाबोडका पृष्ठभाग आहे आणि त्यापलीकडे धरायला फारसं काही नाही. आतलं जस्तही कुठली रासायनिक क्रिया करत नाही, घडी विस्कटू नये एवढ्यासाठी ते तिथे आहे. अशा प्रथिनाला कंपन्यांत 'अनड्रगेबल' म्हणतात आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. तुमच्याकडे पुढचा विषय नाही. म्हणून डॉकिंग करा.

डॉकिंगच्या सॉफ्टवेअरचा मोठा गुण असा, की ते कधी नाही म्हणत नाही. प्रथिन द्या, रेणू द्या, ते कुठेतरी बसवतं आणि आकडा काढून देतं. आकड्याआधी उणे चिन्ह असलं की झालं. चित्र छापताना प्रथिन करडं आणि रेणू पिवळा ठेवा, मधे तुटक रेघा चार तरी दिसू द्या. तीन रेघांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

३. जस्त उपटा

ही सर्वांत जुनी पद्धत. घडीतलं जस्त काढून घेतलं की बोट आपोआप उसवतं. यासाठी ईडीटीए प्रत्येक प्रयोगशाळेच्या फडताळात पांढऱ्या बरणीत असतं, स्वस्त असतं आणि धातू पकडण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. ते वापरू नका. ईडीटीए म्हटलं की रिव्ह्यूअरलाही सगळं कळतं. काम तेच पण नाव लांब, असं काहीतरी घ्या. सिस्टीनमधल्या गंधकाशी झोंबणारी रसायनं यासाठी उत्तम : गंधक ऑक्सिडाइज झालं की त्याची जस्तावरची पकड सुटते.

जुन्याजाणत्यांनी इथे मोठी कामगिरी करून ठेवली आहे. एचआयव्हीच्या एनसीपी-७ या प्रथिनात जस्ताच्या दोन गाठी असतात (हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नव्हे, पण नवशिक्यांनी एवढं काटेकोर राहू नये). १९९० च्या दशकात त्या गाठी सोडवणाऱ्या रसायनांची शोधाशोध झाली आणि ॲझोडायकार्बोनामाइड पुढे आलं. प्लास्टिकला फेस आणण्यासाठी आणि अमेरिकेत पावाच्या पिठात घालण्यासाठी वापरतात, तेच हे. थेट रुग्णांवरच्या चाचणीपर्यंत मजल गेली. एचआयव्हीचं औषध म्हणून ते काही बाजारात आलं नाही. पिठात मात्र राहिलं.

दुसरं नाव डायसल्फिराम. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर ही गोळी १९५० च्या आसपासपासून देत आलेत. तीही कित्येक प्रथिनांतलं जस्त हुसकून लावते असं प्रयोगांत दिसलंय. कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत दर काही वर्षांनी डायसल्फिरामचा नव्याने शोध लागतो. या खेपेला तो तुम्ही लावायला हरकत नाही.

आता थोडी सहानुभूती. माणसाच्या प्रथिनांपैकी सुमारे दहा टक्के प्रथिनं जस्त बाळगून असतात. तुमचं रसायन एसपी-१ पर्यंत पोचण्याआधी वाटेत त्याला डीएनए दुरुस्त करणारी, साखर आणि रक्तदाब सांभाळणारी शेकडो प्रथिनं भेटणार, आणि ते प्रत्येकाशी तितक्याच आपुलकीने झोंबणार. शिवाय पेशीत ग्लुटाथायोन नावाचा गंधकवाला रेणू मिलिमोलर प्रमाणात असतो. तुमचं औषध मायक्रोमोलरमध्ये. म्हणजे एकास हजार. इतक्या गर्दीतून ते नेमकं एकाच प्रथिनाच्या बोटापाशी गेलं, असं कसं लिहायचं? असं लिहा : 'हा परिणाम एसपी-१ च्या माध्यमातून होत असल्याचे सूचित होते.' 'सूचित होते' या क्रियापदाने जितके संसार उभे केलेत तितके कुठल्या बँकेने केले नसतील.

एका अपवादाची नोंद ठेवा, कारण कुणीतरी पाहुणा प्राध्यापक सेमिनारमध्ये तो काढणारच. सोमल. चीनमधल्या हार्बिन इथे डॉक्टरांनी १९७० च्या दशकात हे विष रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारावर वापरायला सुरुवात केली, अमेरिकेने २००० साली त्याला औषध म्हणून मान्यता दिली आणि २०१० मध्ये कळलं की ते पीएमएल या प्रथिनातल्या जस्त धरणाऱ्या सिस्टीनांना जाऊन चिकटतं. त्या कॅन्सरमध्ये पीएमएल एका ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला जोडलं गेलेलं असतं. सोमलामुळे ते जोडप्रथिन नाहीसं होतं आणि रुग्ण बरे होतात, चांगले खडखडीत बरे होतात. पाहुण्यांना हसून म्हणा, 'व्हेरी इंटरेस्टिंग, सर', आणि पुढची स्लाइड लावा.

४. बोटाच्या वाटेला न जाता जागा अडवा

बोट हाती लागत नसेल तर ते जिथे बसतं ती जागा अडवता येते. त्यासाठी मिथ्रामायसिन मागवा. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळणारं हे रसायन डीएनएच्या जी-सी भरलेल्या पट्ट्यांवर, अरुंद खोबणीत, जाऊन बसतं. एसटी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, त्यातलाच हा प्रकार. एसपी-१ येतं, रुमाल बघतं आणि मुकाट मागे फिरतं. एसपी-१ आणि मिथ्रामायसिन यांची भेटही होत नाही. तरी कॅटलॉगमध्ये त्याच्या बाटलीपुढे 'एसपी-१ इन्हिबिटर' असंच छापलेलं असतं.

अडचण एवढीच, की हे रुमाल एका आसनावर पडत नाहीत, जी-सी पट्टी दिसेल तिथे पडतात. वृषणाच्या कॅन्सरवर आणि रक्तातलं कॅल्शियम चढलं तर ते उतरवायला हे औषध एके काळी देत असत. २००० साली ते बाजारातून गेलं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने युइंग सार्कोमा या कॅन्सरच्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली, तेव्हा पुरेशी मात्रा रक्तात पोचण्याआधीच यकृताने हात टेकले. गंमत म्हणजे त्या चाचणीत हेच रसायन एका वेगळ्याच प्रथिनाचा इन्हिबिटर म्हणून उभं होतं. त्या प्रथिनाला जस्ताची बोटंच नाहीत. एक बाटली, दोन लक्ष्यं, दोन वेगळे पेपर. काटकसर म्हणतात ती हीच.

५. हळद

फेलोशिप जमा होईपर्यंत करायचं काय, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी ही पायरी.

१९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुराव्यादाखल मांडले, पेटंट कार्यालयाला ते मान्य करावे लागले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. जखमेवरची हळद आपली ठरली. तेव्हापासून उरलेल्या सगळ्या गोष्टींवरही ती लावून पाहणं हे आपण राष्ट्रीय कर्तव्य मानलं आहे. हळदीतलं कर्क्युमिन एसपी-१ ला अडवतं, ईजीआर-१ या दुसऱ्या बोटवाल्याला अडवतं, असे निबंध छापून आलेले आहेत. तुमच्या प्रथिनावरचा अजून नसेल तर धावा.

कर्क्युमिन इतक्या ठिकाणी कसं चालतं, याचं कारणही सांगून ठेवतो. ते स्वतःच पिवळं आहे आणि प्रकाशात चमकतं, त्यामुळे चमक मोजणाऱ्या कुठल्याही प्रयोगात त्याचा 'परिणाम' दिसतो. ते धातूंना धरतं. प्रथिनांना रासायनिकरीत्या चिकटतं. पाण्यात विरघळायला नाखूश असतं आणि विरघळलंच तर थोड्या वेळात तुटतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात या सगळ्याचा हिशेब मांडला : कर्क्युमिनच्या १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या झाल्या, पण तुलनेला खोटी गोळी ठेवून आणि दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेली एकही यशस्वी झाली नाही. लेख वाचनीय आहे. सांगलीचे हळदीचे सौदे तो आल्यावरही निघतच राहिले. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

६. मात्रा ठरवा

दहा मायक्रोमोलर. का, ते विचारू नका. सगळे तेच घेतात. दहाला काही झालं नाही तर वीस, मग पन्नास. पन्नासला सगळ्या सेल्स मेल्या तर पेढे वाटा : तुमच्या रसायनात कॅन्सरविरोधी गुण आहेत. शंभर मायक्रोमोलरला बहुतेक गोष्टींत कॅन्सरविरोधी गुण असतात.

जीन बंद झाला का, हे पाहायला काजव्याचं ल्युसिफरेज वापरतात. जीन चालू तर उजेड, बंद तर अंधार. उजेड मंदावला याचे दोन अर्थ निघतात : जीन बंद पडला, किंवा तुमच्या रसायनाने काजव्याच्या एन्झाइमलाच गाठलं. पहिला अर्थ तुमचा. दुसरा तपासून पाहणारे विद्यार्थी सातव्या वर्षीही हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवताना दिसतात.

७. या गोष्टी कटाक्षाने टाळा

डिटर्जंट. अनेक रेणू पाण्यात एकमेकांना बिलगून बारीक गोळे करतात. प्रथिनं त्या गोळ्यांवर चिकटून निकामी होतात आणि आपल्याला वाटतं इन्हिबिटर मिळाला. ब्रायन शॉइकेट या संशोधकाने या शतकाच्या सुरुवातीला हा उद्योग उघडकीला आणला आणि त्यावरचा उपायही सांगितला : ट्रायटन हा डिटर्जंट चिमूटभर, ०.०१ टक्का, आणि गोळे विरतात. गोळ्यांबरोबर परिणामही विरतो. ट्रायटनची बाटली दुसऱ्याच्या बेंचवर ठेवा.

डीटीटी. हेही ग्लुटाथायोनसारखं गंधकवालं. तिसऱ्या पायरीतलं तुमचं औषध याच्या नुसत्या उपस्थितीत गार पडतं. बफर बनवताना 'विसरा'.

काळी यादी. मेलबर्नच्या जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये अशा रेणूंची ओळखपरेड छापली, जे कुठल्याही चाचणीत हात वर करून 'मी, मी' म्हणतात. रसायनशास्त्रज्ञ त्यांना 'पेन्स' म्हणतात. तुमच्या रेणूच्या एका टोकाला कॅटेकॉल, क्विनोन किंवा ऱ्होडानीन लटकत असेल तर हा निबंध वाचू नका. वाचलात तर निदान गाईडला दाखवू नका.

जोडीदार रेणू. चांगल्या प्रयोगात औषधाचा जवळजवळ जुळा, पण निष्क्रिय, असा रेणू सोबत वापरतात. औषधाने काम व्हावं आणि जुळ्याने होऊ नये. जुळ्यानेही तेच काम केलं तर? म्हणून जुळा मागवायचा नाही. पैसेही वाचतात.

८. कॅटलॉगमध्ये शिरा

पेपर छापून आला की पुढची पायरी अमरत्वाची. रसायनं विकणाऱ्या कंपनीने तुमचा रेणू यादीत घ्यायला हवा. एकदा तो 'सिलेक्टिव्ह इन्हिबिटर' म्हणून यादीत गेला की त्याला बाहेर काढणारा कोणी नाही.

गॅन्ट-६१ चं उदाहरण बघा. जीएलआय हा पाच बोटांचा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर अनेक ट्यूमरांत बेफाम होतो. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या गटाने २००७ मध्ये जवळपास दोन हजार रसायनं चाळून त्याला रोखणारी दोन काढली, त्यांतलं हे एक. काम चोख होतं, त्याबद्दल वाद नाही. पुढे दुसऱ्यांच्या लक्षात आलं की गॅन्ट-६१ पाण्यात गेलं की फुटतं : एक तुकडा अल्डिहाइडचा, एक डायअमीनचा. जीएलआयवर जे काही करायचं ते हा डायअमीनच करतो. थोडक्यात, तुमच्या सेल्सवर तुम्ही जे घालता ते बाटलीवरच्या नावाचं रसायन नव्हे, त्याचे अवशेष. तरी बाटलीचं नाव तेच, किंमत तीच, आणि पेपरात लिहायची मात्राही तीच, दहा ते वीस मायक्रोमोलर. यावरून धडा घ्या : तुमच्या रेणूचं पाण्यात काय होतं, ते दुसऱ्यांना शोधू द्या. त्यांनाही पीएचडी करायची असते.

९. टॅमॉक्सिफेनला आपल्यात ओढा

सेमिनारमध्ये कुणी विचारलं की अशा प्रथिनांवर चालणारं एक तरी औषध आहे का, तर टॅमॉक्सिफेन सांगा. इस्ट्रोजेन रिसेप्टर हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे आणि डीएनए धरायला तो जस्तच वापरतो. टॅमॉक्सिफेन त्या जस्ताच्या जवळपासही फिरकत नाही, संप्रेरकाच्या खाचेत बसतं. ते घाईघाईत बोला.

१०. सत्तावन्न वर्षं थांबा

इतकं करूनही ज्यांना झिंक फिंगर खरोखर नाहीसं करणारं औषध हवंच आहे, अशा हट्टी मंडळींसाठी एक सिद्ध कृती उपलब्ध आहे. ती घरी करू नका. कंपनीत तर मुळीच करू नका.

१ ऑक्टोबर १९५७ ला पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड ही झोपेची गोळी 'काँटेरगान' या नावाने बाजारात आणा. चिठ्ठी लागत नाही म्हणून सांगा. प्राण्यांना भरमसाट देऊनही ते मरत नाहीत, याचा गाजावाजा करा. गरोदर बायकांची मळमळ थांबते असं दिसलं की त्यांनाही द्या. वॉशिंग्टनमध्ये औषधांना मान्यता देणाऱ्या कार्यालयातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या नव्या अधिकारी तुमची फाइल 'माहिती अपुरी' म्हणून परत परत पाठवतील. त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रारी करा. नोव्हेंबर १९६१ मध्ये हांबुर्गचे डॉक्टर विडुकिंड लेंत्स हातपाय न वाढलेल्या बाळांच्या आयांना विचारत विचारत तुमच्या गोळीपर्यंत पोचतील, तेव्हा कुठे ती मागे घ्या. तोवर जगभर दहा हजारांहून अधिक मुलं तशी जन्मलेली असतील, आणि कित्येक जन्मून लगेच गेलेली. १९६२ मध्ये केल्सींना राष्ट्राध्यक्ष केनेडी पदक देतील.

आता वाट पाहा. १९६४ मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन वेदनेने झोप न येणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला ही गोळी देतात. झोप येते आणि अंगावरच्या दुखऱ्या गाठीही ओसरतात. का? कोणाला माहीत नाही. १९९९ मध्ये ती मल्टिपल मायलोमा या कॅन्सरवर चालते असं दिसतं. का? माहीत नाही. डिसेंबर २००५ मध्ये तिची सुधारलेली बहीण लेनालिडोमाइड मंजूर होते. अजून माहीत नाही. २०२१ मध्ये त्या एका औषधाची वर्षाची विक्री बारा अब्ज डॉलरपलीकडे गेली. अज्ञानात जन्मलेल्या गोळीला इतका भाव याआधी क्वचितच मिळाला असेल.

उलगडा २०१० मध्ये सुरू झाला. जपानमध्ये हिरोशी हांडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही गोळी सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते. पेशीत कोणतं प्रथिन मोडीत काढायचं त्यावर शिक्का मारणाऱ्या यंत्रणेत सेरेब्लॉन नोकरीला आहे. २०१४ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी पुढचं सांगितलं : गोळी चिकटली की सेरेब्लॉनचा जबडा बदलतो आणि ते भलत्याच दोन प्रथिनांवर शिक्के मारत सुटतं. त्यांची नावं इकारोस आणि आयोलोस. दोन्ही झिंक फिंगर ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. मायलोमाच्या पेशी नेमक्या यांच्यावरच जगतात. बैठकीत ज्यांचं नाव निघताच पान उलटायचं, त्यांच्यावरचं औषध १९५७ मध्येच मेडिकलच्या दुकानात येऊन गेलं होतं आणि दुकानदाराला, डॉक्टरला, कंपनीला, कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

२०१८ मध्ये आणखी एक बोटवालं प्रथिन या यादीत सापडलं, एसएएलएल-४. ज्या माणसांत या प्रथिनाचा जीन बिघडलेला असतो, त्यांच्या हातांची हाडं जन्मतःच खुंटलेली असतात, थॅलिडोमाइडच्या बाळांसारखी. उंदरांत सेरेब्लॉन आणि एसएएलएल-४ दोन्ही आपल्याहून जरासे निराळे आहेत, इतके की गोळीने त्यांची गाठ पडत नाही. उंदरांची पिल्लं धडधाकट निघाली त्यामागे एवढंच होतं.

या कृतीतून घ्यायची तांत्रिक टीप : औषध खाचेत बसलं नाही. ते सेरेब्लॉनवर बसलं आणि त्या नव्या पृष्ठभागावर झिंक फिंगर येऊन टेकलं. ज्या बोटाच्या वळणावर योग्य जागी ग्लायसिन असतं, ते सापडतं. आता जगभर लोक हे जाणूनबुजून करू पाहताहेत, आणि गोळीच्या एका कोपऱ्यातला अणू बदलला की कधी एक बोट गळतं, कधी दुसरं. तुम्ही यात उतरणार असाल तर सिलेक्टिव्हिटी हा शब्द खरोखरच्या अर्थाने वापरावा लागेल. सवय नसल्यास त्रास होतो.

११. अपघाताची तयारी ठेवा

बीसीएल-६ हे लिम्फोमातलं झिंक फिंगर प्रथिन. बोरिंगर इंगेलहाइम कंपनीने त्याच्या बोटांपासून लांब, दुसऱ्या टोकाला बसणारा एक रेणू केला, बीआय-३८०२. काम होतं फक्त दुसऱ्या प्रथिनांशी होणारी भेट टाळण्याचं. प्रत्यक्षात बीसीएल-६ पेशीतून गायबच व्हायला लागलं. २०२० मध्ये समजलं, की या रेणूमुळे बीसीएल-६ ची प्रथिनं एकमेकांना लागून लांबलचक तंतू करतात आणि तो गुंता पेशीची यंत्रणा उचलून नेते. असं काही तुमच्याकडे झालं तर 'आमच्या आराखड्यानुसार' असं लिहा.

१२. प्रस्तावात गडचिरोली लिहा

निधी मागताना रुग्ण लागतो. सिकलसेलचा रुग्ण घ्या. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे, आणि झिंक फिंगरशी त्याचा संबंध अस्सल आहे, ओढूनताणून आणावा लागत नाही. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते बंद करणारं प्रथिन बीसीएल-११-ए, बोटवालंच. त्याला गप्प केलं की गर्भातलं हिमोग्लोबिन परत येतं आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिलेली कॅसजेव्ही ही जीन-उपचारपद्धती हेच करते : रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांतलं या प्रथिनाचं बटण कापते. त्याआधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. मान्यतेवेळी अमेरिकेतली किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या अठरा कोटी रुपयांच्या घरात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या ज्या पोराला या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी दर महिन्याला वेळेवर मिळाली तरी पुष्कळ, त्याच्यासाठी ही बातमी आनंदाची आहे असं समजून पुढे चला.

त्याला गोळीच हवी. ती कुठेतरी होतेय. २०२४ मध्ये नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी विझ नावाचं दुसरं झिंक फिंगर प्रथिन, पुन्हा सेरेब्लॉनच्याच मार्गाने, मोडीत काढणारा रेणू प्रसिद्ध केला. उंदरांत आणि माकडांत त्याने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं. तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हे सगळं आलं पाहिजे : आकडे, जिल्हे, आदिवासी, परवडणारी गोळी. दुसऱ्या परिच्छेदापासून कर्क्युमिनवर या.

काही शंका

माझा रेणू एसपी-१ वर चालतो, एसपी-३ वरही चालतो, आणि ज्या प्रथिनाला बोटंच नाहीत त्यावरही चालतो. काय करू?
शीर्षकात 'बहुलक्ष्यी' हा शब्द घाला.

रिव्ह्यूअरने विचारलंय, जस्त बाहेर पडतं का ते मोजलं का?
'हा मुद्दा प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे' असं लिहा. पाठवण्याआधी फडताळातली ईडीटीएची बरणी हलवा.

रेणू खरंच नेमका निघाला तर? ट्रायटन घालूनही टिकला, डीटीटीत टिकला, जुळा निष्क्रिय निघाला, आणि शंभर नॅनोमोलरच्या आत काम करतो.
असं होतं म्हणतात. पेपर लिहायला घेण्याआधी पेटंटवाल्यांना फोन करा आणि तोवर गाईडशिवाय कुणाला सांगू नका. गाईडलाही जरा उशिराच सांगा.

थिसिस सादर झाला, गाईड विचारताहेत पुढे काय.
सांगा, सीटीसीएफ. त्याला अकरा बोटं आहेत. एका बोटाला एक विद्यार्थी धरला, तरी पुढची दोन अनुदानं आरामात निघतील.